गावातली पोरं नशेकडे वळण्याआधी आपण काय करायचं? नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

मी गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका गावात राहतो, समुद्रापासून गाडीने पंधरा मिनिटं आत. हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात ऑक्टोबर ते मार्च सीझन असतो आणि आमच्या गावची बारावी झालेली, कधी न झालेलीही पोरं तिकडे शॅकवर (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलात), गेस्ट हाऊसला, रेंट अ बाईकवाल्याकडे कामाला जातात, पैसा लवकर हातात येतो आणि पैशाबरोबर बाकीचंही येतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरचा एक अकरावीतला मुलगा परीक्षेच्या आदल्या दिवशी बेशुद्ध सापडला, वाचला तो, पण त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर त्याच्या वडलांशेजारी बसलेलो असताना ते एकच वाक्य परत परत बोलत होते, ‘म्हाका कोणी कित्याक सांगलें ना?’ (मला कोणी का सांगितलं नाही?) म्हणजे गावातल्या चार जणांना माहीत होतं आणि घरच्यांना नाही. त्या चार जणांत मीसुद्धा होतो.

तेव्हापासून आम्ही काही जण हे काम करतोय. खूप चुका झाल्या, वेळ वाया गेला, दोन कुटुंबं दुखावली गेली. तुम्ही सुरू करत असाल तर निदान त्याच चुका परत करू नका म्हणून क्रमाने लिहितोय. हे व्यसन सोडवण्याचं मार्गदर्शन नाही, ते डॉक्टरांचं काम. पोरं तिकडे वळण्याआधी आणि वळायला लागली असतील तेव्हा गाव काय करू शकतं, तेवढंच यात आहे.

१. आधी माणसं जमवा, बॅनर नंतर

बहुतेक ठिकाणी सुरुवात उलटी होते. २६ जूनला अमली पदार्थ विरोधी दिन असतो, त्या दिवशी बॅनर, शपथ, फोटो आणि मग पुढच्या २६ जूनपर्यंत काहीच नाही. आमचंही पहिल्या वर्षी तेच झालं.

सात-आठ माणसं पुरे. पण कोणती ते महत्त्वाचं. अंगणवाडी सेविका हवीच, कारण कुठल्या घरात काय चाललंय ते तिला माहीत असतं आणि ती तोंड बंद ठेवायला शिकलेली असते. महिला मंडळातली एक, एखादे निवृत्त मास्तर, भजनी मंडळातलं कोणी, गावात ख्रिश्चन वाडा असेल तर तिथलं कोणी, आणि भाड्याने राहणाऱ्या बाहेरच्या कुटुंबांपैकी एक तरी. हा शेवटचा माणूस सगळे विसरतात, आणि मग ‘भायले लोकच हें हाडटात’ (बाहेरचे लोकच हे आणतात) असं बोलणं सुरू होतं आणि त्यांची पोरं आपल्यापासून लांब जातात. सगळ्यात गरजेचा म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांचा असा एक जण ज्याचं पोरं ऐकतात, आमच्याकडे तो क्रिकेट टीमचा कॅप्टन आहे, त्याच्याशिवाय आमचं काहीच उभं राहिलं नसतं.

इथे फसू नका: सरपंचांना किंवा पुढच्या निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्याला अध्यक्ष करू नका. त्यांची मदत घ्या, मान द्या, पण काम एका गटाचं झालं की दुसऱ्या गटाची पोरं येत नाहीत.

आणि बारवाल्यांशी पहिल्याच दिवशी भांडण काढू नका. आपल्याकडे बार हा कितीतरी घरांचा पोटापाण्याचा धंदा आहे, काजूची फेणी तर शेतीचाच भाग. दारूबंदीची भाषा केलीत की अर्धा गाव तुमच्या विरोधात जाईल. आमची मागणी एकच होती, अठरा वर्षांखालच्या पोराला द्यायची नाही, सिगरेट नाही आणि बाटली पण नाही, वडलांनी पाठवलंय म्हणाला तरी नाही. एक बारमालक आज आमच्या गटात आहे, त्यालाही दोन मुलं आहेत.

२. महिनाभर फक्त बघा आणि ऐका

लगेच कार्यक्रम करायची घाई असते, ती आवरा. एका कागदावर गावाचा नकाशा काढा: शाळा, मैदान, बसस्टॉप, गाडे, बार, फार्मसी, दिवा नसलेले रस्ते, ओसाड घरं. मग संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत वेगवेगळ्या दिवशी नुसते चालत जा.

आमच्या गावात काजूच्या बागेत एक जुनी भट्टी आहे. मार्च ते मे फेणी काढतात तेव्हा तिथे माणसांची वर्दळ, बाकी नऊ महिने ती रिकामी. पावसाळ्यात आम्ही तिथे गेलो तर आत एक पत्र्याचा तुकडा चटईसारखा पसरलेला आणि कोपऱ्यात व्हाइटनरच्या बाटल्या, पंक्चर काढायच्या सोल्युशनच्या पिळून पिळून सपाट केलेल्या ट्यूबा, सिगरेटच्या कागदाची पाकिटं आणि डोळ्यात घालायच्या ड्रॉप्सची एक छोटी बाटली. ती बाटली का ते आधी मला कळेना, कॅप्टनने सांगितलं, गांजाने डोळे लाल होतात ते घरी दिसू नयेत म्हणून. ती बाटली हातात घेतल्यावर मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण इतकी आईला घाबरणारी पोरं म्हणजे अजून आपल्या हातातली पोरं.

व्हाइटनर आणि सोल्युशन हे हसण्यावारी नेऊ नका. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला, त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के निघालं, म्हणजे हा एक प्रकार असा आहे जो मोठ्यांपेक्षा मुलांतच जास्त आहे. स्वस्त मिळतं आणि कोणी अडवत नाही. त्याच अहवालात दारूचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत छत्तीसगढ, त्रिपुरा, पंजाब, अरुणाचल प्रदेश यांच्याबरोबर गोव्याचं नाव आहे. म्हणजे पार्टीतल्या गोळ्या आणि पावडर यांच्या बातम्या होतात, पण आपल्या घरातल्या पोराची पहिली ओळख बहुतेक वेळा तंबाखू, बियर किंवा सोल्युशनशीच होते हे लक्षात ठेवून कामाला लागा.

ऐकण्यासाठी आम्ही एक केलं. देवळाच्या सभामंडपात आणि चॅपेलजवळच्या दुकानात एकेक खोका ठेवला, पोरांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव लिहायचं नाही. तीनच प्रश्न: संध्याकाळी पाच ते नऊ कुठे असतोस किंवा असतेस? गावात काय असतं तर आलो असतो? काही गडबड झाली तर कोणत्या मोठ्या माणसाला सांगशील? ‘तू पितोस का, ओढतोस का’ हे विचारलंच नाही, विचारू पण नका, खोटं उत्तर येतं आणि विश्वास जातो.

तिसऱ्या प्रश्नासमोर बऱ्याच चिठ्ठ्यांवर दोनच शब्द होते, ‘कोणूच ना’, म्हणजे कोणीच नाही. पुढे आम्ही जे काही केलं ते या दोन शब्दांसाठी केलं.

३. कायदा एवढा तरी माहीत हवा

वकील व्हायची गरज नाही, पण हे पाठ असू द्या, गाड्यावाल्याशी बोलताना, पंचायतीत, पालकांसमोर पदोपदी लागतं.

तंबाखू: २००३चा सिगरेट व तंबाखू कायदा, कलम ६. अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, विक्रीच नाही. दंड २०० रुपयांपर्यंतच आहे त्यामुळे याला कोणी फार भीत नाही. गुटखा तर गोव्यात २००५पासूनच बंद आहे.

वेप किंवा ई-सिगरेट: २०१९च्या कायद्याने देशभर बंद, विकणं, साठवणं, जाहिरात सगळंच. विकणाऱ्याला पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘ही फक्त फ्लेवरची वाफ आहे काका’ असं पोरं सांगतात, आणि पालकांना खरंच वाटतं.

मुलांना नशा देणं: बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. कलम ७८ मुलांकडून असा माल विकून घेणाऱ्याला, पोचवून घेणाऱ्याला, शिक्षा तेवढीच. २०० रुपयांच्या दंडाला न भिणारा दुकानदार हे कलम दाखवलं की ऐकतो. आम्ही ते मोठ्या अक्षरात मराठीत छापून प्रत्येक गाड्यावर स्वतः नेऊन दिलं, धमकी न देता, चहा पिऊन.

उपचाराला स्वतःहून जाणारा: एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५, कलम ६४ए. ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप आहे असा व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, उपचार मध्येच सोडला तर ते काढून घेता येतं. हे पालकांना माहीत नसतं. पोलीस केस होईल या भीतीने ते मुलाला डॉक्टरकडेच नेत नाहीत आणि दोन वर्षं जातात.

फार्मसी: झोपेच्या आणि काही दुखण्याच्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये येतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांचं वेगळं रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे.

मोजमापाबद्दल एक गोष्ट सांगतोच. शाळेजवळचा एक गाडा, त्याने सिगरेट ठेवली होती, आम्ही म्हटलं १०० यार्डांच्या आत आहे, तो म्हणाला नाही, आणि खरंच शाळेच्या गेटपासून रस्त्याने टेप धरली तर शंभरच्या बाहेर जात होता. आम्ही परत आलो. नंतर मास्तरांनी नियम काढून वाचला तर अंतर गेटपासून रस्त्याने मोजायचंच नसतं, शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजायचं असतं. मग कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यातून फणसाच्या झाडाखालून टेप धरली, गाडा आरामात आत आला. दुकानदाराने स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं होतं त्यामुळे भांडण झालं नाही. तुम्ही मोजाल तेव्हा दुकानदाराला बरोबर घ्या.

४. पंचायत आणि ग्रामसभा

ग्रामसभा रविवारी असते, तारीख पंचायतीच्या बोर्डावर लागते. ठराव आधी लेखी द्या, आयत्या वेळी उभं राहून बोललात तर ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं जातं. ठरावात मोघम काही नको. आमच्या ठरावात चार गोष्टी होत्या: मैदानाला दिवे, संध्याकाळी पंचायत हॉल पोरांना विनामूल्य, बसस्टॉप ते भट्टी या रस्त्यावर पथदिवे, आणि हेल्पलाइन नंबरांचा बोर्ड. नंतर ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या, ती पुढे वीज खात्यापासून शाळेपर्यंत सगळीकडे लागते.

आमच्या ग्रामसभेत एक बाई उठून तावातावाने म्हणाल्या, ‘आमच्या भुरग्यांक कित्याक बदनाम करतात तुमी?’ (आमच्या पोरांना का बदनाम करता?) त्यांचा राग खरा होता, कारण आमच्या पत्रकात ‘आपला गाव नशेच्या विळख्यात’ असं लिहिलं होतं. अशी भाषा वापरू नका, कोणालाच आपल्या गावाबद्दल असं ऐकायला आवडत नाही, लग्न जुळायची असतात पोरापोरींची. आम्ही पुढच्या पत्रकावर ‘पोरांसाठी संध्याकाळचं मैदान’ एवढंच लिहिलं आणि त्याच बाई आज शनिवारी चहा-भजी आणतात.

५. शाळेत जाताना

मुख्याध्यापकांना आधी भेटा, मग पत्र द्या, पालक शिक्षक संघाच्या बैठकीत दहा मिनिटं मागा. दारातून एकदम व्याख्याता घेऊन जाऊ नका.

आणि व्याख्यानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सडलेल्या फुप्फुसाचे फोटो, कैद्यांचे व्हिडिओ, व्यसन सोडलेल्या माणसाची थरारक कहाणी, याने पोरं एक दिवस गप्प होतात आणि दुसऱ्या दिवशी उत्सुकता वाढलेली असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनोच्या अमली पदार्थ कार्यालयाने प्रतिबंधाच्या कामासाठी जे मानक काढलंय, त्याची दुसरी आवृत्ती २०१८ची, त्यात हेच आहे की भीती दाखवणं आणि आधी नशा केलेल्यांना मुलांपुढे उभं करणं याचा उपयोग होत नाही, कधी उलटंही होतं. उपयोग होतो तो मुलांना दोस्तांच्या आग्रहाला नाही कसं म्हणायचं, राग आणि टेन्शन कसं हाताळायचं हे बऱ्याच तासांत, सराव करून शिकवण्याचा. आमच्याकडे दोन शिक्षिका आठवी-नववीला आठवड्यात एक तास हे घेतात. एकदा त्यांनी नाट्य करायला लावलं, एक पोरगा आग्रह करणारा, दुसरा नकार देणारा, तर आग्रह करणाऱ्याची वाक्यं पोरांना तयारच होती, नकार देणाऱ्याला मात्र दोन मिनिटं शब्द सुचेना. शेवटी तो म्हणाला, ‘उद्या मॅच आहे माझी.’ ते वाक्य आता आमच्या पोरांत चालतं.

६. संध्याकाळ भरा

सगळ्यात जास्त कष्ट इथे घाला. बाकी काही जमलं नाही तरी चालेल पण हे जमवा.

आइसलँड नावाच्या छोट्या देशाचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्यातून एकदा तरी दारू पिऊन झिंगत होती, २०१६ मध्ये हे ५ टक्क्यांवर आलं. केलं काय? दर वर्षी मुलांना विचारून माहिती घेतली, शाळा सुटल्यावर खेळ, संगीत, नाच यासाठी पैसे आणि शिक्षक दिले, आणि पालकांनी आपसात करार केले, रात्री आळीपाळीने गावातून फेरी मारली. आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे कबूल, पण घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) आहे, भजन आहे, मैदान आहे आणि एकमेकांना ओळखणारी माणसं आहेत.

आम्ही व्हॉलीबॉलने सुरू केलं. क्रिकेटला मोठं मैदान लागतं आणि पावसाळ्यात बंद पडतं, व्हॉलीबॉलला दोन खांब, एक जाळी, एक बॉल आणि बारा जण एका वेळी खेळतात. दिवे लागेपर्यंत पहिले चार महिने आम्ही दोन मोटारसायकलचे हेडलाइट लावून खेळवलं. वेळ ठरलेली हवी, रोज साडेपाच, पाऊस असो की सण, आणि एक मोठा माणूस तिथे हजर हवाच. कोणी आला नाही तर कॅप्टन संध्याकाळीच त्याच्या घरी जाऊन सहज विचारतो, ‘बरा आहेस ना?’ बास, दुसरं काही नाही.

पण सगळ्यांना खेळ आवडत नाही, आणि भट्टीत बसणारी पोरं बहुतेक तीच असतात ज्यांना टीममध्ये कोणी घेत नाही. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस घुमट आणि शामेळ ही वाद्यं शिकवायला गावातलेच एक काका बसतात, चवथीच्या आरत्यांना आता आमच्या पोरांचं पथक सगळ्या वाड्यांवर फिरतं. आता बकरीच्या कातड्याचं घुमट मिळतं, ते घ्या, पूर्वीसारखं घोरपडीचं कातडं कायद्याने चालत नाही. एका पोराला मोबाइल दुरुस्ती शिकायची होती, त्याला पेडण्यातल्या एका दुकानात शनिवारी बसवलं. मुलींना विसरू नका, आमच्याकडे पहिलं वर्षभर एकही मुलगी नव्हती कारण आम्ही वेळच अशी ठेवली होती की अंधार पडायचा. मोपा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून काही घरांत आईवडील दोघंही पाळीवर असतात, तिथली मुलं तर आठ-आठ तास एकटी. त्यांच्यासाठी पंचायत हॉलमध्ये अभ्यासाची जागा ठेवलीय.

सणांचं वेगळं नियोजन करा. नरकासुराची रात्र, म्हणजे नरक चतुर्दशीच्या आदली, सगळ्यात अवघड, आठवडाभर पोरं रात्री जागून पुतळा करतात, वर्गणीचा पैसा हातात असतो, मोठं कोणी नसतं आणि पहिला घोट कितीतरी जणांनी तिथेच घेतलेला असतो. नरकासुर बंद करा म्हणून काही होत नाही, पोरांचा जीव असतो त्यात. आम्ही वर्गणीचा हिशोब बोर्डवर लावायला सांगितला, प्रत्येक रात्री दोन पालकांची पाळी लावली, आणि रात्री अकराला गरम पेज आणि लोणचं नेऊन द्यायला लागलो. पेजेला पोरं हसतील असं वाटलं होतं, दुसऱ्या रात्री त्यांनी फोन करून विचारलं किती वाजता येताय. जत्रेच्या आणि शिगम्याच्या रात्रीही असंच काहीतरी आधी ठरवून ठेवा.

७. पालक

बैठक बोलावली तर आया येतात, बाप येत नाहीत. म्हणून आम्ही बापांना तिथे गाठलं जिथे ते असतात: टॅक्सी स्टँडवर, भजनानंतर, मैदानाच्या कडेला. सांगायचं तीनच. एक, मुलाला सिगरेट आणायला दुकानात पाठवू नका, घरी पाहुणे आले म्हणून घोटभर चाखायला देऊ नका. दोन, रात्री किती वाजता घरी यायचं ते वाड्यातल्या सगळ्या घरांत एकच ठेवा, म्हणजे ‘त्याला सोडतात मला का नाही’ हा वाद संपतो. तीन, काही सापडलं तर त्या क्षणी हात उगारू नका. मार बसला की पोरगा पुढच्या वेळी घरापासून लांब जाऊन करतो, एवढाच फरक पडतो.

८. एखादा मुलगा सापडला तर

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. पहिल्या वर्षी एका मुलाबद्दल कळलं आणि ते आमच्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर कोणीतरी लिहिलं, संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मुलाने शाळा सोडली. त्या घराशी आजही नीट बोलणं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. तेव्हापासून नियम: कुठल्याही मुलाचं नाव मोबाइलवर लिहायचं नाही, बैठकीत घ्यायचं नाही.

आता आमच्यात तिघंच ‘सांगायची माणसं’ आहेत, अंगणवाडी सेविका, कॅप्टन आणि मास्तर. पोरांना त्यांची नावं माहीत आहेत. मुलगा स्वतः येतो किंवा त्याचा दोस्त येतो, पहिलं वाक्य नेहमी एकच असतं, ‘कोणाक सांगू नाका हां.’ इथे खोटं वचन देऊ नका. आमचे मास्तर म्हणतात, गावात कोणाला कळणार नाही हे नक्की, पण तुझ्या जीवाला धोका असेल तर डॉक्टरला आणि घरच्यांना सांगावं लागेल, आणि ते तुझ्यासमोर सांगेन, पाठीमागे नाही. आजपर्यंत एकही जण उठून गेलेला नाही.

मग कुठे न्यायचं:

फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मूल धोक्यात असेल तर १०९८. प्रत्यक्ष दाखवायचं तर बांबोळीला आयपीएचबी, सरकारी मनोरुग्णालय, नावाने घाबरू नका, ओपीडीत व्यसनाचे कितीतरी जण येतात. आधी जवळच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून चिठ्ठी घेतली तर सोपं जातं. बरोबर न्या: मुलाचं आणि एका पालकाचं आधार कार्ड, जुने रिपोर्ट असतील तर, चालू असलेली औषधं किंवा त्यांची रिकामी पाकिटं, आणि काय, कधीपासून, किती घेतो हे एका कागदावर. तो कागद घरीच शांतपणे लिहा.

बेशुद्ध पडला, श्वास मंद झाला, झटके आले तर १०८ किंवा ११२, काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा. एका कुशीवर झोपवा, एकट्याला सोडू नका, तोंडात पाणी ओतू नका. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू एकदम बंद करायला लावू नका, दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं.

खाजगी केंद्रांबाबत सावध. एका पालकाने घाबरून मुलाला राज्याबाहेरच्या एका ठिकाणी टाकलं, महिन्याला भरमसाट पैसे आणि भेटायला बंदी. परत आणला तेव्हा मनगटावर वळ होते. मानसिक आरोग्य कायदा २०१७ व्यसनालाही लागू आहे आणि त्यात साखळीने बांधायला साफ मनाई आहे. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी बघायला मागा, डॉक्टर कोण, कधी येतात विचारा, अठराखालच्यांची वेगळी सोय आहे का बघा, आणि भेटू देत नसतील तर तिथे ठेवूच नका.

परत सुरू झालं तर ‘गेला आता’ म्हणू नका. असं होतं, दोनदा तीनदा होतं. फक्त हे समजावून सांगा की काही महिने बंद ठेवल्यावर शरीराला जुनं प्रमाण झेपत नाही, तेवढंच एकदम घेतलं तर जीव जातो.

९. विकणारा कोण ते कळलं तर

स्वतः पकडायला जाऊ नका. पोरांना पाळतीवर लावू नका. हे मी हात जोडून सांगतोय, गावातल्या तरुणांच्या अंगात येतं, रात्री कोणाच्या तरी खोलीत घुसतात, मारहाण होते आणि केस आपल्याच पोरांवर होते, कधी तर चुकीचा माणूस निघतो. माहिती १९३३ या अमली पदार्थांच्या तक्रारीसाठीच्या मानस हेल्पलाइनवर (टेली मानस वेगळी) द्या, २०२४पासून सुरू आहे, नाव गुप्त राहतं, किंवा पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी विभागाला द्या. जागा, वेळ, गाडीचा नंबर, एवढं पुरे. आणि दिल्यावर आपल्याच लोकांत बोलू नका. आमचा गट पोरांना ‘पोलिसांची माणसं’ वाटला असता तर कोणीच बोलायला आलं नसतं, म्हणून तक्रार देणारा माणूस आणि ‘सांगायची माणसं’ आम्ही वेगळी ठेवलीत.

१०. कागद आणि पैसे

पहिल्या वर्षी संस्था नोंदवू नका. नोंदणीला किमान सात सदस्य, घटना, दरवर्षीचा हिशोब हे सगळं लागतं आणि सगळी ताकद पदं वाटण्यात जाते. गावातल्या जुन्या स्पोर्ट्स क्लबच्या किंवा महिला मंडळाच्या नावाखाली चालवा. फाइलमध्ये एवढं ठेवा:

ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल
हॉल आणि मैदानासाठी पंचायतीची लेखी परवानगी
प्रत्येक मुलाच्या पालकांचं सहीचं संमतिपत्र, त्यात फोन नंबर आणि दमा, फिट्स असं काही आजारपण असेल तर
शाळेला दिलेल्या पत्राची पोच
पालकांच्या पाळीचा तक्ता
हिशोबाची वही, प्रत्येक खर्चाची पावती चिकटवलेली

मुलांचे फोटो संमतीशिवाय कुठेही टाकू नका. कार्यक्रमाला लाऊडस्पीकर असेल तर परवानगी काढा आणि रात्री दहाला बंद करा.

देणगी देताना कोणी दारूच्या ब्रँडचं किंवा पानमसाल्याचं नाव जर्सीवर घालायला सांगितलं तर नको म्हणा, कितीही पैसे असोत. आम्हाला जर्सी एका बेकरीने दिल्या.

सुरुवात पावसाळा संपता संपता, सप्टेंबरात करा. चवथ झालेली असते, पोरं गावात असतात, सीझनच्या कामाला जायला अजून वेळ असतो. ऑक्टोबरात ती शॅकवर गेली की त्यांची सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी मैदानावर त्यांची जागा राखून ठेवा, आमच्याकडे मंगळवार आहे. मंगळवारी दिवे साडेनऊपर्यंत चालू असतात, कारण ज्यांना त्या दिवशी सुट्टी नसते ते ड्युटी संपवून आठ वाजता येतात. दिव्यांच्या स्विचच्या पेटीची चावी सध्या त्या मुलाकडे आहे ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं. गेल्या वर्षी त्याने बारावी दिली, आता तो आयटीआयला जातो, साडेपाचला सगळ्यांच्या आधी येऊन जाळी तोच बांधतो.